लेडी अन् कणकेतला पहिला हात

चार बायका एका परातीभोवती बसल्या की किस्से होतातच. ते कोणी मुद्दाम ठेवून देत नाही. पिठाचा डबा कितीही झटकला तरी कोपऱ्यात चिमूटभर पीठ राहूनच जाते ना, तसे ते राहतात. आमच्या घोळक्याचे तर इतके साचले, की माझी नात मुक्ता म्हणे, "आजी, आप बोलो, मैं लिखती हूँ." मले लिहिता येत नाही. बोलाले मात्र कोणी शिकवावं लागलं नाही.

तर ऐका. रायपूर नावाचं शहर होतं. तेव्हा ते राजधानी नव्हतं, मध्य प्रदेशाच्या एका कोपऱ्यात आपलं निवांत पडून होतं. त्यात तलावाच्या काठी बुढापारा नावाचा मोहल्ला, त्या पाऱ्यात एक अरुंद गल्ली, गल्लीत एक घर. घरात एक भाऊ होता, रेल्वेत नोकरीले. त्याची बायको होती, ती मी, कुसुम. अन् त्याची धाकटी बहीण होती, वत्सला. तिले सगळे वच्छी म्हणत. शेजारी पुष्पावहिनी. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेसंगं इकडे आले, म्हणून आम्ही रेल्वेवाले त्यांच्या लेखी कालचे पाहुणे.

आमच्या घोळक्याचं काम एकच, मांडे. चुलीवर मातीचं खापर उलटं ठेवायचं, सैल कणीक आपटून आपटून रेशमासारखी करायची, अन् एकेक गोळा दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत वाढवून खापरावर टाकायचा. पाऱ्यात कोणाकडे काही कार्य निघालं की आम्ही हजर. अन् त्याची एक रीत होती. ज्याच्या घरचं कार्य, त्या घरच्या मालकिणीनं कणकेत पहिला हात घालायचा. पाणी ओतायचं, मूठभर कणीक ओली करायची, बस. मंग मळणाऱ्या मळतात. तिचा हात पडल्याशिवाय कोणी परातीले शिवत नसे, मंग पंगत का खोळंबेना.

सगळ्यात चांगली कणीक वच्छीच्या हातची. पण तो पहिला हात तिच्या वाट्याले कधी आला नाही. येते का नाही, त्याचीच ही सगळी गोष्ट आहे. अन् 'लेडी' नावाच्या एका इंग्रजी शब्दाची.

*

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो नवरी होऊन रायपूरले येताना.

तुमसर रोड स्टेशनले पॅसेंजरमध्ये बसलो. सगळे पुरुष एका डब्यात गेले, अन् मले वच्छीसोबत बायकांच्या डब्यात बसवलं. वच्छी तेव्हा दोन वेण्या घालणारी पोट्टी. डबा जवळजवळ रिकामा. मी बाकावर टेकणार तर ती म्हणे, नको वहिनी, ही बाकं लेडीजची आहेत, बाहेर पाटीवर लिहिलं आहे.

मी विचारलं, लेडीज कोण? तर म्हणे, मोठ्या साहेबाची बायको, डोंगरगडले चढते.

मले काय माहीत? मी शालू सावरून आपली खाली बसली. वच्छी ट्रंकेवर बसून खिडकीतून पाहून राहिली, अगदी साळसूद. गोंदिया गेलं, सालेकसा गेलं, माझी कंबर गेली, पण बाकाले हात लावला नाही.

डोंगरगडले एक म्हातारी चढली, डोक्यावर सीताफळाची टोपली. तिनं टोपली खाली ठेवली अन् बाकावर चांगली मांडी घालून बसली. मले तिची दया आली. म्हटलं, माय, उठ तिथून, लेडी येऊन राहिली.

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं, अन् म्हणाली, "महीं तो आंव लेडी, नोनी." म्हणजे, लेडी तर मीच आहो, पोरी.

वच्छी हसता हसता ट्रंकेवरून खाली पडली.

*

मंग बुढापाऱ्यात समजलं, की इथं लेडी म्हणजे डॉक्टरीण. नुसतं "लेडीले बोलवा" म्हटलं की समजायचं, कोणाचे तरी दिवस भरले. ती रिक्षातून यायची, चष्मा लावून, हातात काळी पेटी.

माझ्या अशोकच्या वेळी ती आली, तर सासूबाई दारातच उभ्या. तिचा रिकामा गळा पाहून विचारलं, तुले लेकरं किती? ती म्हणे, एक भी नहीं माताजी, शादी ही नहीं की. सासूबाई म्हणाल्या, मंग तुले यातलं काय कळते?

लेडीनं सासूबाईले खांद्याले धरून बाजूले केलं अन् आत आली. अशोक आडवा होता. दुपार कलली तेव्हा सरळ झाला. तो झाला, रडला, तोवर वच्छीनं गरम पाणी आणून आणून अंगण ओलं करून टाकलं होतं.

सासूबाई आत आल्या. नातू उचलला, अन् माझ्याकडे द्यायचा सोडून त्या बाईच्या मांडीवर ठेवला. म्हणाल्या, "घे. आता एक तर झालं तुले."

लेडीनं चष्मा काढला अन् पदरानं किती वेळ पुसत बसली.

*

वच्छीचं लग्न राजनांदगावले झालं. दोन दिवाळ्या काढल्या असतील तिनं तिथं. नवऱ्यानं बिलासपूरले दुसरं घर मांडलं. एक दिवस सकाळच्या गाडीनं वच्छी आली, हातात तीच ट्रंक. आमच्या ह्यांनी ती तिच्या हातातून घेतली, आत नेऊन ठेवली. त्याच दिवशी पुष्पावहिनीच्या घरी सत्यनारायण होता. वच्छी तोंड धुऊन परातीजवळ येऊन बसली अन् मळाले लागली. त्या दिवशी तिनं कणीक अशी आपटली, की पुष्पावहिनी म्हणाल्या, "अगं, माझी परात आहे ती, तुझा नवरा नाही."

अन् मंग सगळ्यात आधी वच्छीच हसली.

सासूबाई गेल्या, तेव्हा आमच्या घरचा पहिला हात माझ्याकडे आला. पुढं कार्य निघालं तेव्हा मी वच्छीचं मनगट धरून म्हटलं, आज तू घाल. या घरात तू जन्मली, मी तर मागून आली.

तिनं मनगट सोडवून घेतलं. "ज्याचं घर त्याचा हात, वहिनी. दिलेला हात मले नको."

किती वेळा म्हटलं असेन नंतर. अशोकच्या लग्नात म्हटलं, मुक्ताच्या बारशाले म्हटलं. ती ऐकली नाही. पुष्पावहिनी म्हणत, हट्टी आहे, मरेपर्यंत अशीच राहील. मले रात्रंदिवस तेच वाटे, की ही खरंच तशीच जाईल का?

*

पण तिच्यासारखी हसवणारी बाई पाऱ्यात दुसरी नव्हती.

तेव्हा टॉकीजवर तिकिटाच्या दोन खिडक्या असत. एक पुरुषांची, तिथं शर्ट फाटेपर्यंत गर्दी. दुसरी लेडीज खिडकी, तिथं शुकशुकाट. झालं, नवीन पिक्चर लागला की पाऱ्यातले सगळे पुरुष वच्छीच्या मागं. वच्छीताई, दोन माझे. दीदी, चार हमारे. एरवी तिच्याकडे मान वर करून न पाहणारे बी तिले बसाले पाट देत.

ती ऐटीत खिडकीवर जायची, एका दमात सगळ्या गल्लीचे तिकिटं मागायची. एकदा आतल्या बाबूले राग आला. त्यानं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "एक लेडी, एक परिवार. आप अकेली कितने घर की हो, बहनजी?"

वच्छी म्हणे, "घर तो एक भी नहीं है, भैया. टिकट दे दो."

मागं उभे होते ते सगळे हसले. बाबू हसला नाही. त्यानं मागितली तितकी तिकिटं फाडून दिली, अन् पुढं कधी तिले विचारलं नाही.

*

पुष्पावहिनीची सायकल आठवते का, असं पाऱ्यात कोणालेही विचारा.

त्यांचे मिस्टर कचेरीत बाबू. हौशी माणूस. त्यांनी बायकोसाठी लेडीज सायकल आणली, पाऱ्यातली पहिली. हिरवी, पुढं दांडी नाही, मागच्या चाकाले पदर अडकू नये म्हणून जाळी. वच्छी मागून कॅरिअर धरून पळे अन् पुष्पावहिनी नऊवार आवळून तलावाभोवती सायकल शिकत. त्या पडल्या की वच्छी आधी सायकल उचले. म्हणे, तुम्ही भोसल्यांच्या काळापासून टिकल्या, ही कालच आली आहे.

एकदा मिस्टरांची स्वतःची सायकल दुरुस्तीले दुकानात पडून राहिली. पण लेडीज सायकलवर पुरुषानं कसं बसावं? लोक काय म्हणतील? ते रोज पायी निघाले. अन् पुष्पावहिनी त्यांचा डबा घेऊन बाजूनं सायकलवर हळूहळू, घंटी वाजवत.

साहेबानं उशीर पाहून विचारलं, सायकल नाही का? मिस्टर म्हणाले, आहे साहेब, पण लेडीज आहे.

साहेब म्हणाले, मग तुम्ही मागे बसा.

माणूस आज्ञाधारक. दुसऱ्या दिवशी खरंच मागं कॅरिअरवर बसले! पुष्पावहिनी पायडल मारून राहिल्या, मिस्टर मागं, अन् तोंड लपवाले छत्री उघडली. गल्लीतले सगळे ओट्यावर आले. तोंड दिसलं नाही कोणाले. पण छत्रीवर त्यांनीच मोठ्या अक्षरात आपलं नाव लिहून ठेवलं होतं.

*

मंग छत्तीसगड वेगळं राज्य झालं अन् रायपूर त्याची राजधानी झालं.

आम्हाले काय फरक पडला म्हणता? गल्ली तितकीच अरुंद, गाई तशाच मधात बसलेल्या. पण रस्त्यानं लाल दिव्याच्या गाड्या फिराले लागल्या. काल भोपाळ म्हटलं की दबणारे लोक आज भोपाळले नावं ठेवाले लागले. चौबे कॉलनीत भाड्याचं घर मिळेना. अन् साहेबांच्या बायकांचा लेडीज क्लब सुरू झाला. आतापर्यंत लेडी म्हणजे बाकावरची, डॉक्टरीण, खिडकीवरची, सायकलवरची. आता लेडी म्हणजे बंगल्यातली.

अशाच एका मॅडमनं कोणाकडून तरी आमच्या मांड्यांचं ऐकलं. बंगल्यावर पार्टी होती. गाडी पाठवली. ती गल्लीत शिरेना, म्हणून आम्हीच खापर लुगड्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन, चौकातून गाडीत बसलो. ड्रायव्हर दर वळणावर मागं पाही. त्याले वाटलं, आत लेकरू झोपलं आहे.

बंगल्याच्या मागं मोठं अंगण. चूल मांडली, खापर तापलं, पीठ चाळलं. अन् आम्ही हात बांधून बसलो. पाहुणे याले लागले. मॅडम आल्या, रेशमी साडी, बोटांत अंगठ्या. म्हणाल्या, शुरू कीजिए ना. पुष्पावहिनीनं सांगितलं, पहिला हात घरच्या मालकिणीचा, त्याच्याशिवाय होत नाही.

मॅडम चांगल्या होत्या, रागावल्या नाहीत. उलट जरा विचारात पडल्या. मंग म्हणाल्या, मैं कहाँ की मालकिन? मागच्या तीन गावांत तीन बंगले झाले. आता इथं किती दिवस, ते सरकारले माहीत. परदे तक मेरे नहीं हैं.

आता आली का पंचाईत? तिकडे दिवाणखान्यात पाहुणे, इकडे परातीत कोरडं पीठ, अन् आम्ही काही उठत नाही. पुष्पावहिनी तर म्हणाल्या, मालकीण नसेल तर खापर परत न्या. दुसऱ्या कोणी बायका असत्या तर मुकाट्यानं मळून मोकळ्या झाल्या असत्या. पण आम्ही आम्हीच.

तेवढ्यात मॅडमनंच विचारलं, इथं कायमचं राहते तरी कोण? माळी म्हणाला, बिसाहिन. मागच्या आउटहाउसात राहणारी म्हातारी झाडूवाली. कितीतरी साहेब आले अन् गेले, ती तिथंच. मॅडमनं तिले बोलावलं, सगळं समजावलं अन् परात पुढं केली.

म्हातारी अजिबात लाजली नाही. हात धुतले, कणकेत घातले अन् म्हणाली, "हव. साहेब मन तो आथें अऊ जाथें. महीं रहिथंव." साहेब येतात अन् जातात, राहते ती मीच, म्हणे.

पार्टीत मांडे पुरले नाहीत, इतके खाल्ले लोकांनी. येताना गाडीत सगळ्या बोलून राहिल्या होत्या. वच्छी तेवढी खिडकीतून बाहेर पाहून राहिली होती. बुढापारा जवळ आला तेव्हा म्हणाली, "एका खोलीची का होईना, पण मालकीण आहे ती."

*

मुक्ता कॉलेजात गेली, इंग्रजी घेऊन. आमचं मराठी सगळं समजते तिले, पण उत्तर हिंदीत.

एक दिवस आम्ही अंगणात मळून राहिलो होतो अन् ती झोपाळ्यावर परीक्षेचं वाचून राहिली होती. एकदम हसाले लागली. म्हणे, आजी, लेडी का मतलब पता है? अन् तिनं जे सांगितलं, ते मी जसं समजली तसं सांगतो.

हजार वर्षांहून जुनी गोष्ट. तिकडे इंग्रजांच्या मुलखात हा शब्द दोन तुकड्यांचा होता. एक तुकडा पावाचा, एक मळण्याचा. लेडी म्हणजे पावाची कणीक मळणारी. इतकंच! अन् तिकडे साहेबाले लॉर्ड म्हणतात ना, तो म्हणजे पाव राखणारा. अन् घरचा जो गडी, त्याले म्हणत पाव खाणारा.

पुष्पावहिनी म्हणाल्या, आमच्याकडे तर जो नुसता खाते तोच साहेब आहे.

मंग मुक्ता म्हणे, मळणारीच्या हातात घरचं धान्य, म्हणून पुढं लेडी म्हणजे घरची मालकीण. मंग लेडी म्हणजे मोठ्या सरदाराची बायको. मंग तिकडच्या देवाच्या आईलेही लेडी म्हणाले लागले. मंग चांगल्या घरची कोणतीही बाई. अन् शेवटी कोणतीही बाई, डब्यावरची, खिडकीवरची, संडासाच्या दारावरची. शब्द मोलकरणीचा बी झाला अन् राणीचा बी. पण त्यातली कणीक लोक विसरून गेले.

"तो आप लोग असली लेडीज़ हो," मुक्ता म्हणाली. "बाकी सब डुप्लिकेट."

आम्ही लय हसलो. पुष्पावहिनी तर उठून, पदर खोचून, मॅडमसारख्या चालून दाखवाले लागल्या. वच्छी हसली नाही. तिचे हात कणकेत थांबले होते. तिनं विचारलं, "ती जी मळणारी होती, तिच्या नावावर घर होतं का?"

मुक्तानं पुस्तक उलटंपालटं केलं. म्हणाली, ये तो नहीं लिखा, आत्याआजी. घर तो शायद लॉर्ड का ही होगा.

"मंग शब्द मोठा झाला," वच्छी म्हणाली. "बाई तिथंच."

अन् पुन्हा मळाले लागली. पण दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून ती मुक्ताले म्हणे, चल माझ्यासंगं. राजधानीसाठी शहरापासून दूर माळावर नवं शहर वसत होतं, तिथं सरकारी घरं बांधून राहिले होते. ती चिठ्ठ्या काढून द्यायची सोडत होती. कारकुनानं विचारलं, घर का मुखिया कौन? तिनं सांगितलं, मी. त्यानं विचारलं, और कौन? ती म्हणाली, आणखी कोणी नाही, मीच.

मांड्यांच्या पैशातलं जे काही तिनं इतक्या वर्षांत बाजूले टाकलं होतं, ते कशासाठी होतं, ते तेव्हा आम्हाले समजलं.

*

सोडत एकदा झाली, तिचं नाव नाही निघालं. दुसऱ्यांदा झाली, नाही निघालं. पुष्पावहिनी म्हणत, सोड वं, या वयात कुठं माळावर राहाले जातं, तिथं साधी भाजीवाली येत नाही. मी नवस बोलली, तिले न सांगता. तिसऱ्यांदा निघालं.

ती चावी घेऊन आली. चावी पदराच्या टोकाले बांधून भांडी घासली, कपडे वाळवले. संध्याकाळी ह्यांना म्हणाली, "दादा, घरभरणी भाऊबीजेले करू."

आता हे काय होतं, ते सांगतो. भाऊबीजेले भाऊ बहिणीच्या घरी जाते. पण आमच्याकडे बहीण भावाच्याच घरी. म्हणून इतकी वर्षं हे काय करत? सकाळी नवीन सदरा घालून मागच्या दारानं बाहेर जात. तलावाले एक चक्कर मारत, फळं घेत, अन् समोरच्या दारानं येऊन कडी वाजवत. वच्छी दार उघडून म्हणे, ये दादा, कधी निघाला? हे म्हणत, हा काय, आत्ताच. अन् दोघंही अजिबात हसत नसत.

त्या भाऊबीजेले हे सकाळपासून तयार. अशोक म्हणाला, बाबा, कारनं नेतो. हे म्हणाले, नको, बसनं जातो. बहिणीच्या गावाले माणूस बसनंच जाते. खापर ह्यांनी मांडीवर घेतलं. कंडक्टरनं विचारलं, कहाँ जाना है काका? ह्यांनी सेक्टर, नंबर काही सांगितलं नाही. म्हणाले, बहन के घर. कंडक्टर म्हणे, वो स्टॉप कौन सा है? अख्खी बस हसली, अन् हे त्याच्याकडे पाहून पुन्हा तेच म्हणाले.

घर खालच्या मजल्यावर. एक खोली, एक स्वयंपाकघर, मागं वीतभर अंगण. चहूकडे मोकळा माळ, नुकते लावलेले, काठीले बांधलेले झाडं. विटांची चूल मांडली. पुष्पावहिनीचे गुडघे गेलेले, तरी त्या आल्या. खापर तापलं, पीठ चाळलं, सगळ्या परातीभोवती बसलो. अन् वाट पाहत राहिलो.

वच्छी आली. बांगड्या मागं सारल्या. पाणी ओतलं. अन् कणकेवर हात नेला तो तसाच राहिला. जन्मभर जी बाई बोलता बोलता मळत आली, तिले आज सुचेना. पुष्पावहिनी म्हणाल्या, "घाल वं. खापर तडकेल."

तिनं हात घातला. मूठभर कणीक ओली केली. मूठ उघडली, पुन्हा मिटली. मंग उठली, आपल्या नळाखाली हात धुतले, पदराले पुसले, अन् आत जाऊन खाटेवर ह्यांच्या शेजारी बसली.

आम्ही एकमेकींकडे पाहाले लागलो. मळणार कोण? मळणारी तर तीच.

पुष्पावहिनीनं बाहेरून विचारलं, "अन् तू?"

"मी घरवाली आहो," आतून आवाज आला. "तुम्ही मळा."

मंग काय करता? आम्हीच मळलं. पुष्पावहिनी बसल्या बसल्या शिव्या देत होत्या अन् डोळे पुसत होत्या. म्हणे, धूर लागते. पहिले मांडे वाकडेतिकडे झाले. तसेच तिले अन् ह्यांना वाढले, संगं वांग्याची भाजी. तिनं ह्यांना ओवाळलं, अन् दोघं भाऊबहीण एका खाटेवर बसून जेवाले लागले. तिनं दोन घास खाल्ले, अन् म्हणाली, "वहिनी, भाजीत मीठ कमी आहे."

मी उठली. स्वयंपाकघरात गेली. वरची फळी पाहिली, ओट्याखाली पाहिलं. पितळेचे डबे उघडून पाहिले, एकात साखर, एकात रवा. माझ्या घरात अंधारातही मीठ माझ्या हाताले लागते. इथं मले काय माहीत? शेवटी दारातून विचारलं, "वच्छे, मीठ कुठं ठेवलं वं?"

तिनं ताटातून मान वर केली नाही.

"खालच्या फळीवर, डाव्या हाताले. अन् झाकण नीट लावजा, वहिनी."